नुसता हात फास्ट असून भागत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मध्यंतरी क्रीडा पानावर शालेय टेबल टेनिसची बातमी आली होती, आमच्याकडची पोरं बाहेरच्या पोरांसमोर पहिल्या दोन राउंडमध्येच गारद झाली आणि खाली एका ओळीत कुणाचं तरी मत छापलं होतं की कोकणातल्या मुलांचे रिफ्लेक्स कमी पडतात, हात फास्ट नाहीत. बातमी खरी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही, मी स्वतः तिथे होतो, भाच्याला घेऊन गेलो होतो आणि तोही हरला. तक्रार त्या एका ओळीबद्दल आहे. ती वाचून भाचा मला म्हणाला, "मामा, मग आपलं काय खरं नाही, रिफ्लेक्स काय विकत मिळतात होय?" चौदा वर्षांचं पोर असं बोलायला लागलं म्हणून हे पत्र. लांबलंय, पाहिजे तिथे कात्री लावा.

आधीच सांगतो, मी कोच नाही. बँकेत नोकरी केली, आता रिटायर आहे, पस्तीस एक वर्षं रत्नागिरीत संध्याकाळचा टीटी खेळतोय, जिल्ह्याच्या पुढे कधी गेलो नाही आणि आता गुडघ्याने पण हात वर केलेत. पण पस्तीस वर्षं हरत आलेला माणूस जिंकणाऱ्याकडे जरा नीट बघायला शिकतो, त्यातून जे दिसलं तेवढंच लिहितोय.

आता रिफ्लेक्सचा हिशोब करू. टेबल २.७४ मीटर लांब. शाळेतला बऱ्यापैकी पोरगा फोरहँड मारतो तेव्हा बॉल ताशी ५० किलोमीटरने सुटला असं धरा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर, म्हणजे या टोकापासून त्या टोकाला यायला ०.२ सेकंद. बॉल फक्त २.७ ग्रॅमचा, हवेत लगेच मंदावतो, शिवाय आपण टेबलापासून हातभर मागे उभे असतो, म्हणून थोडा जास्त वेळ मिळतो, ०.३ म्हणा. आणि धडधाकट माणसाला डोळ्याने बघितल्यापासून हात हलायला सुरुवात व्हायलाच ०.२ सेकंदाच्या आसपास लागतात, हात नुसता हलायला, मारायला नाही. मग उरलं काय? त्यात बॅट मागे न्यायची, पाय हलवायचा, अँगल ठरवायचा आणि वर भाच्याला तो बॉल स्मॅश पण करायचा असतो. हिशोब बसतच नाही बघा. बॉल येताना बघून जो ठरवतो तो आधीच लेट झालाय, मग तो लांज्याचा असो नाहीतर बीजिंगचा.

म्हणजे मोठे खेळाडू खेळतात ते हात फास्ट म्हणून नाही, निदान फक्त तेवढ्यामुळे नाही. त्यांना आधी कळतं. शरथ कमलने कॉमनवेल्थमध्ये पुरुष सिंगल्सचं गोल्ड घेतलं २००६ ला आणि परत घेतलं २०२२ ला बर्मिंगहॅमला, मध्ये सोळा वर्षं, दुसऱ्या वेळी वय ४०. चाळिशीतल्या माणसाचे रिफ्लेक्स चोविशीपेक्षा चांगले असतात असं कुणी म्हणणार नाही. पण समोरच्याच्या खांद्यात, मनगटात काय शिजतंय ते चाळिशीत जास्त कळतं.

आपल्याकडची एस.टी. आठवा. आंबा घाटात रात्री धुक्यातून गाडी काढणारा ड्रायव्हर समोरून येणाऱ्या ट्रककडे बघत बसत नाही, त्याच्या पुढच्या चाकाकडे बघतो, चाक वळलं की ट्रक वळणार हे त्याला ट्रक वळायच्या आधी माहीत असतं. किंवा कबड्डी घ्या, ती तर आपल्या गावागावात आहे. कोपऱ्याला उभा असलेला गडी चढाईवाल्याच्या तोंडाकडे बघत नाही, पायाकडे बघतो, कारण तोंडाने माणूस फसवतो पण पायाने फसवायला फार मोठा खेळाडू लागतो. आमची पोरं कबड्डीत हे सगळं बरोबर करतात आणि तीच पोरं टीटीच्या टेबलाला आली की बॉलकडे डोळे लावून उभी, भक्तासारखी.

त्या स्पर्धेत मी भाच्याची मॅच मोबाइलवर घेतली होती, स्लो मोशनमध्ये. घरी येऊन दोघांनी बघितली, एकेक पॉइंट दहा-दहा वेळा. तुम्हाला सांगतो, बॉल नेटवरून अलीकडे आला तरी याची बॅट हललेलीच नाही. नेट ओलांडल्यावर मग एकदम झटका, कोपर बाहेर, बॅट कमरेच्या मागे, आणि तोपर्यंत बॉल छातीवर. समोरचा पोरगा याच्यापेक्षा काही फास्ट नव्हता, उलट जरा जाडसर, आळशी वाटत होता. पण याने बॉल मारला रे मारला की त्याचा डावा पाय तेव्हाच अर्धा फूट सरकलेला. आणि आमचा हिरो काय करतोय तर आपण मारलेला शॉट कसा गेला ते बघतोय! स्वतःच्या शॉटच्या प्रेमात पडायची ही सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे, मलाही आहे, चांगला टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढे फिरवत मारलेला शॉट, बसला की मन भरून येतं, पण तेवढ्यात तो बॉल परत आलेला असतो.

यावर उपाय मला एका काकांनी शिकवला. मूळचे मालवणचे, सत्तरी ओलांडलेली, हाफ पँट, खिशात रुमाल, बॅटच्या रबराच्या कडा सुटल्यात म्हणून तिला चारी बाजूंनी सेलोटेप. एका बाजूला लाँग पिंपल्स, म्हणजे ते लांब टाचण्यांसारखे दाणे असलेलं रबर, आपण स्पिन मारला की उलटा होऊन परत येतो. पोरं सुरुवातीला हसतात त्यांना. मग ११-४, ११-३ झालं की हसणं थांबतं. भाचा पहिल्यांदा हरला तेव्हा म्हणाला होता, "मामा, ते काका हलतच नाहीत, बॉलच त्यांच्याकडे जातो." काकांनी ऐकलं, रुमालाने बॅट पुसली आणि म्हणाले, "मेल्या, बॉलाकडे काय बघतंस, बॉल येतलोच. खंय येतलो ता तेच्या मनगटाक इचार."

हे वाक्य मी आमच्या हॉलच्या भिंतीवर लिहायचं म्हणत होतो, पण भिंत आमची नाही.

आता मनगटाला विचारायचं म्हणजे नेमकं काय विचारायचं. सर्व्हिस घ्या, कारण सगळ्यात जास्त पॉइंट आमची पोरं तिथे घालवतात. समोरच्याने बॉल वर उडवला की बॉलकडे एकदा बघून घ्या आणि मग नजर बॅट आणि बॉल भेटणार त्या जागेवर. बॅट बॉलच्या खालून पुढे सरकली तर अंडरस्पिन, तो बॉल आपल्या बॅटवरून खाली जातो, सरळ मारलात तर नेटमध्ये. बॅट मागून वर गेली तर टॉपस्पिन, तो टप्प्यानंतर अंगावर उसळतो, बॅट उघडी ठेवलीत तर बॉल टेबलाबाहेर, म्हणून बॅट पुढे झुकवून मिटून घ्यायची. बाजूने गेली तर साइडस्पिन. एवढं सगळ्यांना माहीत असतं पण बघतात कुणी? आणि हुशार पोरं ॲक्शन तीच दाखवतात आणि बॉलला बॅटवर जाड लावतात, न घासता सरळ, म्हणजे स्पिन नाहीच. तिथे कान लागतात. बॉल घासला गेला की आवाज बारीक, फुसका, आणि जाड लागला की टक् असा कोरडा. त्यानंतर हवेत बॉलवरच्या छापाकडे बघा, छाप धूसर होऊन फिरताना दिसला तर स्पिन भरपूर, नाव वाचता आलं तर बॉल मेलेला आहे, बिनधास्त मारा. माझं वय झालं, मला आता छाप दिसत नाही, मी आवाजावर खेळतो.

आवाजावरून आठवलं, आपल्या मुंबईत १९५२ साली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली होती, तिथे जपानचा हिरोजी सातोह जाड स्पंजची बॅट घेऊन आला. तोपर्यंत सगळे साध्या दाणेदार रबराने खेळायचे, टक टक आवाज यायचा, त्या आवाजावर सगळ्यांचा अंदाज बसलेला. याची बॅट आवाजच करेना. मोठमोठ्या लोकांना कळेना की बॉल किती जोरात लागलाय, आणि तो सिंगल्सचा वर्ल्ड चॅम्पियन होऊन गेला. म्हणजे बघा, त्या लोकांचे रिफ्लेक्स एका रात्रीत कमी झाले नव्हते, त्यांची खबर तुटली होती.

पुढेही तेच. एक काळ असा होता की बॅटच्या दोन्ही बाजूंना एकाच रंगाचं पण वेगळ्या जातीचं रबर लावायचे, हातातल्या हातात बॅट फिरवायची, समोरच्याला कळायचं नाही कुठली बाजू लागली, आणि आवाजावरून कळू नये म्हणून सर्व्हिसला धाडकन पाय आपटायचे. म्हणून १९८० च्या दशकात नियम आला की दोन बाजूंचे रंग वेगळे पाहिजेत. मनिका बत्रा बॅकहँडला लाँग पिंपल्स वापरते आणि रॅलीत बॅट फिरवते ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल, तेव्हा समोरची बाई काय करते, तर रंग बघते. मग २००२ मध्ये नियम आला की सर्व्हिस करताना हात किंवा अंग मध्ये घालून बॉल लपवायचा नाही. उघड्या सपाट तळहातावरून बॉल कमीत कमी १६ सेंटिमीटर वर उडवायचा, टेबलाच्या रेषेच्या मागून, समोरच्याला शेवटपर्यंत दिसला पाहिजे. नियम करणारे वर्षानुवर्षं एकाच गोष्टीसाठी खटपट करतायत की समोरच्याला बघायला मिळावं, आणि आमची पोरं बघत नाहीत. आणि पोरांना तरी काय बोलू, लोकल मॅचला निम्मी पोरं मुठीतून बॉल सोडतात, टॉस नावाला नाही, आणि पंच खुर्चीत बसून वडापाव खातोय. ज्याने आयुष्यात नीट टाकलेली सर्व्हिस बघितलीच नाही तो ती वाचणार कशी? बाहेर गेल्यावर पहिल्या गेमला पाच पॉइंट फुकट द्यायचे आणि मग रिफ्लेक्सला शिव्या घालायच्या.

आता हाताबद्दल. मी हात बिनकामाचा म्हणत नाहीये, स्ट्रोक चांगला पाहिजेच, पण चांगला म्हणजे जोरात असं जे आपल्याकडे झालंय ते चुकीचं आहे. आमच्या पोरांचा फोरहँड बघा, बॅट पाठीमागे घेतात, मांडवीच्या वाळूत टेनिस बॉलला सिक्स मारतो तशी. बॅट कमरेच्या मागे गेली की एस.टी. चुकली म्हणून समजा, ती परत पुढे यायला वेळ कुठे आहे. बॅट कमरेच्या रेषेत थांबली पाहिजे, मागे जायचं ते हाताने नाही, कमरेने वळून. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा पाय थोडा मागे, गुडघे वाकलेले, वजन चवड्यावर, आणि मारताना ते वजन उजव्या पायावरून डाव्यावर आलं पाहिजे. कोपर बरगडीपासून मूठभर लांब. बॅट संपते कुठे तर कपाळासमोर, सलाम ठोकल्यासारखी, डाव्या खांद्याच्या पलीकडे नाही, तिकडे गेली की पुढच्या बॉलला ती परत आणायला भाडं पडतं. बॅकहँड त्याहून सोपा, पोटासमोरून, कोपर पुढे ठेवून दाराच्या बिजागरीसारखं उघडायचं, बॉल टप्पा पडून जास्तीत जास्त वर आला की तिथेच घ्यायचा. आणि पकड सैल. माझी आई हापूस पिकलाय का बघायला आंबा हातात घ्यायची ना, पडणार नाही एवढा धरायचा आणि दबणार नाही एवढा सोडायचा, तशी. घट्ट धरलेल्या बॅटने मनगट मरतं आणि मनगट मेलं की स्पिन मेला.

शॉट झाला की बॅट परत छातीसमोर, देवाला हात जोडतो त्या उंचीला. एवढी एक सवय लावली तरी पोरं दोन महिन्यांत वेगळी दिसायला लागतात. मी भाच्याला रोज घरी आरशासमोर बॉलशिवाय पन्नास फोरहँड, पन्नास बॅकहँड मारायला लावतो, प्रत्येकानंतर हात परत जागेवर. पहिल्या आठवड्यात ताई ओरडली की हा वेड्यासारखा काय हातवारे करतोय.

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे आणि ती मला स्वतःला पन्नाशीत कळली. अंदाज म्हणजे समोरचा काय करणार हे ओळखणं असं आपण समजतो. काका हलत नाहीत ते ओळखतात म्हणून नाही, ते समोरच्याला करायला जागाच ठेवत नाहीत. त्यांचे बॉल बघा, ना फोरहँडला ना बॅकहँडला, बरोबर कोपरावर, जिथे पोराला कळत नाही की पुढून घेऊ की बाजूने. तिथे आला की अंग आखडतं, आखडलेल्या अंगातून अँगल निघत नाही, बॉल परत मधोमधच येतो, आणि मधोमध काका उभे असतात. एवढंच आहे ते. जादू बिदू काही नाही.

तसंच शॉर्ट सर्व्हिस. बॉल समोरच्या बाजूला नेटजवळ असा पडला की सोडून दिला तर त्याच्याच टेबलावर दुसरा टप्पा पडेल, आणि अंडरस्पिन असेल, तर तो माणूस जोरात मारू शकत नाही, टेबल मध्ये येतं आणि बॉल नेटच्या उंचीच्या खाली असतो. नेट १५.२५ सेंटिमीटर उंच आहे, त्याच्या खालून बॉल वर काढूनच पलीकडे टाकावा लागतो. तो पुश करेल, म्हणजे बॉल नुसता ढकलेल, परत शॉर्ट ठेवेल नाहीतर फार तर मनगटाने फ्लिक करेल. पर्याय तीनच राहिले, बाकी सगळे आपण सर्व्हिस टाकतानाच काढून घेतले. आणि तीच सर्व्हिस चार बोटं लांब पडून टेबलाच्या कडेवरून बाहेर आली तर तो बाबा मागे सरून असा लूप, म्हणजे भरपूर टॉपस्पिनचा फटका, मारेल की बसा बघत. चार बोटांचा फरक! त्या चार बोटांची प्रॅक्टिस किती पोरं करतात? सगळी स्मॅशची करतात.

आणि उभं कुठे राहायचं. पोरांना शिकवलेलं असतं की शॉट मारला की मध्ये या. कुठल्या मध्ये? टेबलाच्या मध्ये नाही हो, त्याच्या अँगलच्या मध्ये. मी त्याच्या फोरहँडला एकदम कोपऱ्यात बॉल टाकला तर त्याला तिथून माझ्या फोरहँडच्या बाहेर तिरपा टाकायची मोकळीक मिळते, म्हणजे मी अर्धं पाऊल तिकडे सरकलं पाहिजे. त्याच्या मधोमध टाकला तर मीही मध्ये. म्हणजे आपण बॉल टाकला त्या क्षणी आपली पुढची जागा ठरते, समोरच्याने बॅट उचलायची वाट बघायची गरजच नाही. त्या जाडसर पोराचा डावा पाय आधी सरकत होता तो यामुळे. मी हे भाच्याला व्हिडिओत दाखवलं, तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे मीच त्याला सांगत होतो मामा, बॉल कुठे येणारे ते."

प्रॅक्टिसबद्दल दोन गोष्टी लिहितो, खर्चाच्या नाहीत. एक म्हणजे साधा मार्कर घ्या आणि जुन्या बॉलचा अर्धा भाग काळा करा. स्पिन असेल तर काळं-पांढरं फिरताना डोळ्याला दिसतं, कुठल्या दिशेला फिरतोय तेही. मग एकाने सर्व्हिस टाकायची आणि घेणाऱ्याने बॉल आपल्या बाजूला टप्पा पडायच्या आधी मोठ्याने ओरडायचं, "खाली", "वर", "साइड", "मेला". बॉल परत गेला की नाही ते मोजायचंच नाही, ओरडणं बरोबर होतं का तेवढं मोजायचं. पहिल्या दिवशी आमच्या पाच पोरांत वीसपैकी आठ बरोबर आले तो सगळ्यात हुशार होता. पावसाळा संपेपर्यंत सगळे पंधराच्या वर गेले, मग साधा बॉल घेतला. हॉलबाहेरून जाणाऱ्या लोकांना वाटायचं भांडण चाललंय.

दुसरं फालकेनबर्ग. हा एक फूटवर्कचा प्रकार आहे, बॅकहँडच्या कोपऱ्यातून एक बॅकहँड, मग तिथेच वळसा घेऊन फोरहँड, मग पळत जाऊन फोरहँडच्या कोपऱ्यातून फोरहँड, परत पहिल्यापासून. फालकेनबर्ग हे स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव आहे, लहानसं, समुद्राकाठचं, नदीच्या मुखावरचं, वर्णन ऐकून आपलं जयगड नाहीतर दाभोळ वाटेल. तिथल्या क्लबवरून नाव पडलं, आणि तिथलाच स्टेलान बेंगसन १९७१ ला जपानमध्ये नागोयाला जाऊन वर्ल्ड चॅम्पियन झाला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. समुद्राकाठच्या हवेने रिफ्लेक्स कमी होत असते तर त्याचे पण झाले असते. फक्त या ड्रिलमध्ये एक गोम आहे, बॉल कुठे येणार ते आधीच ठरलेलं असतं, पाय तयार होतात पण डोळे झोपतात. म्हणून आम्ही तीन बॉल ठरलेले ठेवतो आणि चौथा देणाऱ्याच्या मर्जीवर, कुठेही. तो चौथा बॉल पोरांना आवडत नाही, त्यामुळे तोच जास्त करून घेतो.

अडचणी आहेत, नाहीत असं नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे हवा अशी ओली की रबरावर दमटपणाचा पातळ थर बसतो, बॉल रबराला पकडतच नाही, घसरतो आणि सरळ नेटमध्ये. पोरांना वाटतं आपला टॉपस्पिन बिघडला, ते आणखी जोर लावतात आणि आणखी बिघडवतात. अशा दिवसात बॉल घासायचा कमी आणि जरा जाड मारायचा, दर सहा पॉइंटला टॉवेल घ्यायची नियमाने परवानगी असते तेव्हा हात आणि बॅट दोन्ही पुसून घ्यायचं. पंखा लावला तर बॉल भरकटतो, नाही लावला तर घामाने बॅट सुटते. हे मुंबई-पुण्याच्या पोराला एसी हॉलमध्ये कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर पावसात तयार झालेलं पोर कोरड्या हॉलमध्ये गेलं की त्याचा स्पिन दुप्पट लागतो, बॉल टेबलाबाहेर जातो, पहिला गेम जुळवून घेण्यातच जातो. म्हणून मॅचच्या एक दिवस आधी तिथे नेलं पाहिजे, पण तेवढी लॉजिंगची सोय कोण करणार.

आणि हॉल. आमच्या इथे एक हॉल आहे, कुणाचा ते लिहीत नाही, लिहिलं तर उद्या तोही बंद होईल. तिथे दोन टेबलं, त्यातलं चांगलं टेबल लग्नसराईत बुफेला लावतात, वर चादर टाकून. तीन वर्षांपूर्वी त्यावर सोलकढीचं पातेलं कलंडलं. नेटपासून वीतभर अंतरावर उजव्या हाताला अजून गुलाबी डाग आहे, खालचं प्लाय फुगलंय, तिथे बॉल पडला की टप्पाच येत नाही, बॉल बसतो. आम्ही तक्रार केली तर सांगितलं डाग पुसून घ्या. आमचे काका काय करतात, तर अडीअडचणीला बरोबर त्या डागावर बॉल टाकतात. पण पोरांनीही आता ते हेरलंय, काकांनी बॅट जरा आत वळवली की ती आधीच पुढे धावतात, म्हणजे आमची पोरं अंदाज घ्यायला शिकली ती एका सांडलेल्या सोलकढीवर. हॉलवाल्यांना तुमच्या पेपरातून एवढंच सांगा की टेबल बदलू नका हवं तर, पण उन्हाळ्यात दीड महिना कुलूप लावता तेवढं लावू नका, तेव्हाच पोरांना सुट्टी असते.

जाता जाता तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुम्ही निकाल छापता तेव्हा नुसतं ३-० छापता. जागेची अडचण असेल, मान्य आहे, पण गेमचे पॉइंट छापा. भाच्याचं तुम्ही ०-३ छापलंत, ते वाचून शाळेत पोरं त्याला दोन दिवस भोपळा म्हणत होती. खरा स्कोअर होता ९-११, १०-१२, ९-११. तिन्ही गेम मिळून सहा पॉइंटचा फरक. मी व्हिडिओवरून मोजलंय, त्या मॅचमध्ये तो फक्त सर्व्हिस घेताना चौदा पॉइंट हरला, त्यातले नऊ एकाच सर्व्हिसवर, तीच ॲक्शन, स्पिन नसलेली. ती सर्व्हिस आता आमच्या हॉलमध्ये पाचही पोरांना येते.

आपला,
एक जुना वाचक आणि टीटीवाला, रत्नागिरी